टिचकी भुंगेरे, काजवे आणि त्यांचं गणगोत

रातवा

परवा रात्री वाचत बसलो होतो. दिव्यावर आलेला एक लांबट, तपकिरी भुंगेरा टेबलावर उताणा पडला. पाय पोटाशी घेतले आणि मेल्यासारखा निपचित झाला. पेन्सिलीनं हळूच सरळ करावा म्हणून हात पुढे केला, तेवढ्यात 'टक्' असा खणखणीत आवाज झाला आणि तो वीतभर उंच उडाला. खाली आला तो पुन्हा उताणाच. पुन्हा टक्. तिसऱ्या खेपेला पायांवर उतरला आणि काहीच झालं नसल्यासारखा चालू लागला.

हा क्लिक बीटल. या धाग्यापुरतं मी त्याला टिचकी भुंगेरा म्हणतो, कारण तो करतो ती अगदी टिचकीच आहे. आपण अंगठ्यावर बोट दाबून धरतो, ताण साठू देतो आणि बोट निसटू देतो. त्याच्या छातीच्या पुढच्या भागाखाली एक खुंटी असते आणि मधल्या भागात तिच्या मापाची खाच. तो पाठीची कमान करतो, खुंटी खाचेच्या काठावर अडकते, आतले स्नायू सावकाश ताणत राहतात. ताण साठतो तो सांध्याजवळच्या लवचीक कवचात. मग खुंटी घसरते आणि साठलेलं सगळं एका मिलिसेकंदाच्या आत मोकळं होतं. त्या क्षणी शरीराला बसणारा झटका गुरुत्वाकर्षणाच्या कित्येक शे पट असतो. यात पायांचा काहीही भाग नाही. एवढ्या हिसक्यानंतर हा प्राणी शाबूत कसा राहतो, याचं मला दरवेळी नव्यानं आश्चर्य वाटतं.

पण धागा काढला तो पुढच्या गोष्टीसाठी. हा टणक, टकटक करणारा भुंगेरा आणि मऊ अंगाचा, संथ उडणारा काजवा हे एकाच अधिकुळातले, म्हणजे जवळच्या कुळांच्या एकाच मोठ्या गटातले आहेत. टिचकी भुंगेऱ्यांच्या सुमारे १०,००० जाती आहेत, काजव्यांच्या २,००० हून जास्त. त्यांच्या सोबत जाळीदार पंखांचे लायसिड, सैनिक भुंगेरे, आगगाडी अळी म्हणून ओळखले जाणारे फेंगोडिड आणि आणखी बरीच लहानसहान कुळं. या सगळ्यांबद्दल एकत्र बोलूया असं फार दिवस मनात होतं. ज्यांनी जे पाहिलंय, वाचलंय ते इथे जरूर लिहा.

भिंगरी

वाचनखूण साठवली! हा किडा हातात धरला की बोटांमध्ये टक् टक् करतो आणि आपण दचकून सोडून देतो, एवढंच मला ठाऊक होतं. प्रश्न असा, की उडी सरळ होण्यासाठी असेल तर दोन-दोनदा उताणा का पडतो? इतकी अफाट ताकद आणि नेम नाही?

रातवा

भिंगरी, नेम नाहीच. सांध्याची रचनाच अशी आहे की उडी जवळजवळ उभी वर जाते. दिशा निवडायला वाव नसतो आणि हवेत तो कोलांट्या खातो. पायांवर उतरला तर उतरला, नाहीतर पुन्हा. आणि तुम्ही दचकून सोडून दिलंत ना, तोही या टिचकीचा मोठा उपयोग आहे. चोचीत किंवा कोळ्याच्या पकडीत असताना असा हिसका बसला की पकड सुटते. मला तर वाटतं, सरळ होणं ही नंतरची सोय असावी आणि सुटका हे आधीचं काम. हे माझं मत, कुणी खोडलं तरी चालेल.

सांजवारा

शेतीच्या बाजूनं थोडं लिहितो. उताण्या किड्याचं कौतुक होतं, पण त्याची अळी शेतकऱ्याला वेगळ्याच नावानं माहीत असते : वायरवर्म. पिवळसर, चकचकीत, तारेसारखी कडक. अ‍ॅग्रिओटिस या प्रजातीतल्या अळ्या जमिनीत तीन-चार, कधी पाच वर्षंही काढतात. पेरलेलं बी, कोवळी मुळं खातात, बटाट्यात भोकं पाडतात. गवताळ रान मोडून नवं पीक घेतलं की पहिली काही वर्षं त्रास जास्त, कारण आधीच्या गवतात वाढलेल्या अळ्या तिथेच असतात.

पण सगळ्या तशा नाहीत, हेही सांगायला हवं. कितीतरी जातींच्या अळ्या कुजक्या लाकडात राहून दुसऱ्या किड्यांच्या अळ्या खातात. अमेरिकेतला अ‍ॅलॉस ऑक्युलेटस पाहा. पाठीवर पांढऱ्या कडेचे दोन मोठे काळे डोळे रंगवलेले. खरे डोळे नव्हेत, भक्ष्यकाला दाखवायचे. त्याची अळी लाकडात भुंगेऱ्यांच्या अळ्यांची शिकार करते. एका कुळाला एकच शिक्का मारू नये.

जुना_वाचक

काजव्याचा प्रकाश ९० टक्के कार्यक्षम असतो, माणसाला असा दिवा अजून करता आलेला नाही, असं आम्ही शाळेत शिकलो. आणि काजवा व प्रकाशणारा टिचकी भुंगेरा एकाच घराण्यातले असतील, तर प्रकाशही एकाच पूर्वजाकडून आला असणार, नाही का?

प्रयोगवही

जुना_वाचक, तुमच्या दोन्ही मुद्द्यांवर लिहायला हात शिवशिवताहेत, कारण माझं रोजचं काम ल्युसिफरेजशी, म्हणजे हा प्रकाश घडवून आणणाऱ्या विकराशी (एन्झाइमशी) आहे.

आधी थोडं मागे जातो. १८८५ साली राफाएल द्युब्वा या फ्रेंच शास्त्रज्ञानं प्रकाशाचं रसायन पहिल्यांदा उलगडलं ते काजव्यावर नाही, पायरोफोरस या अमेरिकी उष्ण प्रदेशातल्या टिचकी भुंगेऱ्यावर. या भुंगेऱ्याच्या छातीच्या मागच्या दोन कोपऱ्यांवर दोन हिरवट दिवे असतात आणि पोटाखाली तिसरा, जो उडताना दिसतो. ते काजव्यासारखे लुकलुकत नाहीत, संथ जळतात. द्युब्वानं प्रकाशावयव थंड पाण्यात वाटला. तो अर्क थोडा वेळ उजळून विझला. दुसरा अर्क गरम पाण्यात काढला, तो उजळलाच नाही. दोन्ही एकत्र केले आणि उजेड परत आला. म्हणजे एक पदार्थ उष्णतेनं बिघडणारा आणि दुसरा उष्णता सोसणारा पण वापरून संपणारा. त्यांना पुढे त्यानंच अनुक्रमे ल्युसिफरेज आणि ल्युसिफेरिन ही नावं दिली. इतका साधा, इतका नितळ प्रयोग क्वचित वाचायला मिळतो.

१९४७ साली विल्यम मॅकेलरॉय या अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञांनी दाखवलं की काजव्याच्या प्रकाशाला एटीपी लागतं. एटीपी म्हणजे प्रत्येक सजीव पेशीचं ऊर्जेचं चलन. त्यामुळे ल्युसिफरेज हा जिवंतपणा मोजण्याचा काटाच झाला. नमुन्यात जिवाणू आहेत का हे आज जगभरच्या प्रयोगशाळा या उजेडावरून ओळखतात.

आता तुमचे ९० टक्के. जुनं मोजमाप ०.८८ होतं आणि ते पुस्तकांमधून पन्नासेक वर्षं फिरलं. २००८ साली जपानमध्ये नव्यानं, फार काळजीपूर्वक मोजलं तेव्हा आकडा आला ४१ टक्के. म्हणजे ल्युसिफेरिनच्या १०० रेणूंमागे ४१ प्रकाशकण. उष्णता जवळजवळ पडत नाही, त्यामुळे 'थंड प्रकाश' हे वर्णन मात्र बरोबरच राहतं.

आणि पूर्वजाचं. २०१८ साली उत्तर अमेरिकेतला एक काजवा, जपानमधला एक काजवा आणि पोर्तो रिकोतला एक प्रकाशणारा टिचकी भुंगेरा या तिघांचे जनुकसंच शेजारी ठेवून पाहिले गेले. ल्युसिफेरिन तेच. पण ल्युसिफरेज दोन घराण्यांत स्वतंत्रपणे घडलेलं, असा निष्कर्ष निघाला. दोन्हीकडे कच्चा माल सारखा होता : स्निग्धाम्लांवर काम करणारं एक नेहमीचं, घरगुती विकर. त्याच्या जादा प्रती तयार झाल्या आणि त्यातल्या एकीला उजेडाचं काम जमलं. काजव्यांत एका प्रतीला, टिचकी भुंगेऱ्यांत दुसऱ्या जागी बसलेल्या वेगळ्या प्रतीला. सख्ख्या घरातल्या दोन चुली वेगवेगळ्या काडीनं पेटल्या, असं म्हणा.

जुना_वाचक

४१! इतकी वर्षं मी मुलांना ९० सांगत आलो. उद्याच सुधारतो. मनापासून आभार.

भिंगरी

प्रयोगवही, फार सुंदर. मग मला सांगा, हा उजेड आधी कशासाठी होता? नर-मादीच्या खुणा हे उत्तर सगळ्यांना पाठ आहे. पण अळ्याही प्रकाशतात ना? अळीला कुठे जोडीदार शोधायचाय?

रातवा

भिंगरी, कळीचा प्रश्न विचारलात. काजव्याच्या आजवर माहीत असलेल्या सगळ्या जातींच्या अळ्या प्रकाशतात. प्रौढ मात्र सगळे नाही. दिवसा हिंडणाऱ्या कितीतरी जातींचे प्रौढ काजवे बिनदिव्याचे असतात आणि गंधानं एकमेकांना शोधतात. म्हणजे अळीचा दिवा सार्वत्रिक, प्रौढाचा ऐच्छिक. यावरून असं मानलं जातं की उजेड आधी अळ्यांचा होता आणि त्याचा अर्थ होता : मला खाऊ नकोस, मी कडू आहे. बेडकांवर प्रयोग झालेत. एकदा वाईट चव घेतलेला भेक चमकणाऱ्या भक्ष्याला तोंड लावायला कचरतो. प्रौढांनी हीच इशाऱ्याची बत्ती नंतर प्रेमपत्रासाठी वापरली.

कडू म्हणजे किती, तर काही काजव्यांमध्ये ल्युसिब्युफॅजिन नावाची, भेकांच्या विषाशी नातं सांगणारी द्रव्यं असतात. पाळलेला दाढीवाला सरडा एखादाच काजवा खाऊन दगावल्याच्या नोंदी आहेत. सरडे पाळणाऱ्यांनी हे गांभीर्यानं घ्यावं, अशी विनंती.

एकदा भाषा तयार झाली की तिचा गैरफायदा घेणाराही येतो. फोटिनस पायरॅलिस या अमेरिकी काजव्याचा नर उडता उडता चमकतो आणि गवतातली मादी सुमारे २ सेकंदांनी उत्तर देते. प्रत्येक जातीचा ठेका वेगळा. फोट्युरिस या दुसऱ्या प्रजातीच्या माद्या हा परका ठेका हुबेहूब वठवतात, नर खाली उतरला की त्याला खातात. जेम्स लॉइड या कीटकशास्त्रज्ञांनी हे १९६५ साली मांडलं. १९९७ साली त्यापुढचं कळलं : या मादीला ते कडू द्रव्य स्वतः बनवता येत नाही, ते ती खाल्लेल्या नरांकडून मिळवते. नुसती भुकेसाठी नाही, चिलखतासाठीही शिकार!

आणि उजेडाचा तिसरा उपयोग ब्राझीलच्या सेराडो गवताळ प्रदेशात. तिथल्या वारुळांच्या भिंतीत एका टिचकी भुंगेऱ्याच्या अळ्या बिळं करून राहतात. पावसाळ्याच्या तोंडाशी रात्री डोकं बाहेर काढून हिरवा उजेड पाडतात. शेकडो दिवे लागलेली वारुळं मैलभर पसरलेली असतात. पंख फुटलेल्या वाळव्या उजेडाकडे येतात आणि अळ्यांच्या जबड्यात सापडतात. इथे इशारा नाही, प्रेम नाही. निव्वळ गळ.

अबोली

एकाच दिव्याचे तीन अर्थ. फारच आवडलं. जपानच्या गेंजी काजव्याची भर घालते. त्याच्या अळ्या ओढ्याच्या पाण्यात राहतात आणि पाण्यातल्या गोगलगायी खातात. पूर्व जपानात नर साधारण ४ सेकंदांनी एकत्र लुकलुकतात, पश्चिमेत २ सेकंदांनी. जात एकच, बोली दोन.

सांजवारा

आता माद्यांबद्दल लिहितो, कारण या गणगोतातलं मला सगळ्यात जास्त गुंतवून ठेवणारं ते आहे. इथे कितीतरी कुळांत मादी पूर्ण मोठी होतच नाही. म्हणजे वयात येते, अंडी घालते, पण शरीर अळीचं राहतं. पंख नाहीत किंवा नावापुरते.

ट्रायलोबाइट अळी हे नाव ऐकलं असेल. आग्नेय आशियाच्या जंगलात कुजक्या ओंडक्यांवर रेंगाळणारी, पाठीवर ढालींच्या रांगा असलेली, पाच-सहा सेंटिमीटरची. एकोणिसाव्या शतकापासून ती संग्रहात येत होती, पण तिचा प्रौढ कुणाला सापडत नव्हता. कोष नाही, भुंगेरा नाही, अळीच अळी. एरिक म्योबर्ग या स्वीडिश संशोधकानं बोर्निओत चिकाटीनं त्या पाळल्या आणि १९२५ साली उत्तर छापलं : ज्याला अळी म्हणत होतो तीच प्रौढ मादी. नर सेंटिमीटरभरही नसलेला, साधा काळसर पंखवाला लायसिड. दोघांना शेजारी ठेवलं तर एक जात म्हणून कुणी विश्वास ठेवणार नाही.

फेंगोडिडांचंही तेच. दक्षिण अमेरिकेतल्या फ्रिक्सोथ्रिक्सची मादी आणि अळी अंधारात आगगाडीसारखी दिसते. दोन्ही बाजूंना पिवळ्या-हिरव्या दिव्यांची रांग आणि डोक्यावर चक्क लाल दिवा. जमिनीवरच्या प्राण्यांत लाल उजेड पाडणारं दुसरं उदाहरण नाही. नर मात्र पंखवाला, पिसासारख्या शृंगिकांचा (मिशांचा), मादीचा गंध टिपत उडणारा. त्यांच्या जवळच्या नात्यातल्या, आशियातल्या ऱ्हॅगोफ्थाल्मस या भुंगेऱ्याची मादी तर अंड्यांभोवती अंगाचं वेटोळं करून राहते आणि त्या वेळी तिच्या अंगावरचे ओळीनं असलेले ठिपके उजळतात. जोडीदार बोलवायचा दिवा वेगळा, शेपटीकडचा. अंडी राखायचे दिवे वेगळे.

जुना_वाचक

माझी एक हरकत नोंदवतो. धाग्याच्या सुरुवातीला 'एकच अधिकुळ' म्हटलंत. पण मी वाचलं की गोगलगायी खाणारा ड्रायलस आता थेट टिचकी भुंगेऱ्यांच्या कुळात घातलाय. नर मऊ, कंगव्यासारख्या शृंगिकांचा. मादी अळीसारखी, नराच्या कितीतरी पट मोठी. टिचकी कुणीच वाजवत नाही. मग ज्या खुणेवरून कुळ ओळखायचं तीच नाही, तर त्या कुळाला अर्थ काय उरला? रेणूंच्या, म्हणजे डीएनएच्या नादात डोळ्यांना दिसतं ते सोडून द्यायचं का?

रातवा

जुना_वाचक, तुमची अस्वस्थता समजते. पूर्वीची मांडणी डोळ्यांना पटणारीच होती. टणक, टिचकीवाले एका अधिकुळात आणि मऊ अंगाचे काजवे, लायसिड, सैनिक भुंगेरे दुसऱ्यात. १९८८ साली जॉन लॉरेन्स या भुंगेऱ्यांच्या अभ्यासकांनी दोन्ही एकत्र आणली, तीही शरीररचनेवरूनच. नंतर डीएनए तपासला तसं दिसलं की टणक आणि मऊ कुळं वंशवृक्षावर एकमेकांत मिसळून बसली आहेत. मऊपणा एकदा आलेला नाही. वेगवेगळ्या फांद्यांवर पुन्हा पुन्हा आलाय. ड्रायलसला २०११ साली टिचकी भुंगेऱ्यांत आणलं ते याच आधारावर.

मला यात डोळ्यांचा पराभव दिसत नाही. उलट मऊपणा आणि अळीपण एकाच मुळातून येतात हे कळल्यावर डोळ्यांना नवं काही दिसू लागतं. शरीराची वाढ शेवटच्या टप्प्याआधी थांबली की कवच पुरतं कठीण होत नाही, पंख अर्धवट राहतात, खुंटी आणि खाच घडतच नाहीत. टिचकीला टणक चौकट लागते, मऊ अंगात ताण साठवायचा कुठे? त्यामुळे ड्रायलसची टिचकी हरवणं हा त्याच्या कुळाचा पुरावा नसणं नव्हे. ती त्याच्या वाढीची हकीकत आहे.

भूमध्य समुद्राकाठचा सेब्रिओ पाहिलात तर मधली पायरी दिसेल. शरदातल्या मोठ्या पावसानंतर नर थव्यानं उडतात आणि मादी जमिनीतल्या बिळातच राहते, उडू न शकणारी. तोही टिचकी भुंगेऱ्यांचाच भाऊबंद.

जुना_वाचक

'वाढीची हकीकत' हे पटलं. कुळाच्या नावाबद्दलची कुरकुर मात्र शिल्लक आहे.

अबोली

लायसिड आणि सैनिक भुंगेरे मागे राहिले, म्हणून थोडक्यात. लायसिड नारिंगी-काळे, पंखांवर जाळी, चवीला वाईट. त्यांच्या रंगाची नक्कल दुसऱ्या कुळांतले भुंगेरे आणि काही पतंगसुद्धा करतात. सैनिक भुंगेरे दिवसा फुलांवर दिसतात, सुमारे ५,००० जाती. त्यांच्यावर एक बुरशी येते. ग्रासलेला भुंगेरा मरण्याआधी फुलाला जबड्यानं घट्ट पकडतो आणि मेल्यावर काही तासांनी त्याचे पंख आपोआप उघडतात. बुरशीला पसरायला वाट मिळते. हे वाचल्यापासून फुलावरचा स्तब्ध किडा मी दोनदा पाहते.

प्रयोगवही

या गणगोतात नवी कुळं अजून सापडताहेत, यावर विश्वास बसत नाही ना? २०१६ साली स्पेनच्या मातीतून आयबेरोबेनिइडी. २०१९ साली चीनच्या युनानमधून पोटाशी दिवा असलेलं सायनोपायरोफोरिडी. २०२० साली ब्राझीलच्या अटलांटिक जंगलातून जुरासायडी, ज्यांच्या माद्या आयुष्यभर अळीरूपात राहतात. नुसत्या जाती नव्हेत, अख्खी कुळं. आणि म्यानमारच्या अंबरात सुमारे १० कोटी वर्षांपूर्वीचा काजवा अडकलाय, पोटावरच्या प्रकाशावयवासकट. डायनासोर होते तेव्हा रात्री लुकलुकत होत्या.

सांजवारा

प्रयोगवही, माद्यांचा मुद्दा इथेच पुन्हा येतो. जिला पंख नाहीत ती दुसऱ्या रानात जाऊ शकत नाही. नर उडून गेले तरी वंश मादीच्या पावलांनीच पसरतो, आणि ती पावलं काही मीटरांची. ओंडके उचलले, पाचोळा जाळला, एक ओढा बुजवला, की तिथली जात तिथेच संपते. बाहेरून कुणी येऊन जागा भरत नाही. २०२० साली जगभरच्या काजवा अभ्यासकांना धोके विचारले गेले तेव्हा अधिवास नष्ट होणं पहिलं आलं, त्यामागून रात्रीचा कृत्रिम उजेड आणि कीटकनाशकं. उजेडाचं वेगळं समजवायला नको. दोन सेकंदांनी येणारं मंद उत्तर दिव्याच्या झोतात नराला दिसणार कसं? बाहेरचा दिवा गरज नसताना बंद ठेवा, पाचोळा जमिनीवरच राहू द्या. मी हे प्रत्येकाला सांगतो आणि सांगत राहीन.

भिंगरी

तीन दिवसांनी लिहितेय. सांजवारा, तुमचं वाचून बाहेरचा दिवा बंद ठेवायला लागले. काल पाऊस थांबल्यावर कुंड्यांमागच्या ओल्या पाचोळ्यात काहीतरी उजळलं. लुकलुक नाही, संथ, हिरवट. पान उचललं तर चपटी, काळपट अळी, पाठीवर एकावर एक तकटं. शेपटीजवळ दोन बाजूंना दोन ठिपके. तोंड छोट्या गोगलगायीच्या शंखात. ही काजव्याचीच ना? हात लावला तर चावेल का?

रातवा

भिंगरी, अभिनंदन! वर्णनावरून काजव्याचीच. शेवटून जवळच्या खंडावर दोन्ही बाजूंना दोन दिवे ही त्यांची खूण. माणसाला तिचा त्रास नाही. तिच्या जबड्यात बारीक नळी असते, त्यातून ती गोगलगायीला लुळं करणारा रस टोचते आणि मग सावकाश खाते. जेवण अर्धवट आहे, तेव्हा उचलू नका. पान होतं तसंच ठेवा.

भिंगरी

ठेवलं. पान वर घेतलं होतं तेव्हा दोन्ही ठिपके जास्त उजळले होते. झाकल्यावर कडेतून बघत बसले. मिनिटभरानं एक मंद झाला, मग दुसरा. आता पाचोळ्यात काहीच दिसत नाही, पण ती तिथेच आहे.